बरणीतले पाहुणे

श्रीगोंदा म्हणजे लिंबाच्या बागा. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकटीने अंगणातल्या लिंबावरून चार अळ्या आणल्या. चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसत होत्या. "अम्मी, घरात ठेवू या?" मी रुंद तोंडाची बरणी दिली, वर मलमल बांधली.

ही लिंबाळी फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते. डिवचले तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. तिला रोज ताजी पाने हवीत, खालची घाण झाडायला हवी आणि चढायला एक काडी हवी. बरणी उन्हात ठेवू नये.

एकदा घाईत मी शेजारच्या बागेतली पाने न विचारता तोडून आणली. तिथे आदल्या दिवशीच फवारणी झाली होती. सकाळी दोन अळ्या मेलेल्या. मुलगी रडली. मी तिच्यासमोर चूक कबूल केली आणि बागवाल्या चाचांकडेही गेले. ते म्हणाले, "विचारायचं होतं ना! आमची लहान रोपं ही अळी फस्त करते, म्हणून फवारावं लागतं." त्यांचेही खरेच होते.

उरलेल्या दोघींनी काडीला कमरेभोवती रेशमी दोरा बांधून कोष केला. आठ-दहा दिवसांनी एक कोष फाटला. पंख ओले, चुरगळलेले. मुलगी मदतीला धावली. मी थांबवले, ओढले तर पंख कायमचे अधू होतात. थोड्या वेळाने ते स्वतःच उडाले.

मुलांना सबर शिकवायला एवढी बरणी पुरते. पाने मात्र विचारून आणा.