मेलबॉक्सचे परिग्रह-परिमाण

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद, नट-बोल्ट वा पॅकिंग साहित्याचा व्यवहार करणाऱ्या पेढीचे मुख्य दार आता रस्त्याकडे उघडत नाही. वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांची पर्चेस ऑर्डर, सुधारित ड्रॉइंग, पुरवठ्याचे वेळापत्रक, डेबिट नोट हे सारे बहुतांशी ई-मेलनेच येते. अशा पेढीचा मेलबॉक्स काठोकाठ भरला, तर शटर वर असूनही दुकान बंदच समजावे.

भरलेल्या खात्यात नवे पत्र शिरत नाही. ते पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणजे झालेली हानी प्रथम कळते ती ग्राहकाला, आपल्याला नव्हे. जागा संपत आल्याची सूचना खात्यात आधीपासून दिसत असते. परंतु एकच खाते मुनीम, धाकटे बंधू आणि चिरंजीव असे तिघे पाहत असतील, तर ती सूचना प्रत्येकाला दुसऱ्याचे काम वाटते. ड्रॉइंगची नवी आवृत्ती परत गेली की जुन्या मापाचा माल तयार होतो, आणि तो नाकारला गेल्यावर दोष कोणाचा यावर वाद घालण्याइतकी ताकद लहान पुरवठादाराकडे क्वचितच असते. करखात्याचे प्रकरण त्याहून नाजूक. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस ही बजावणीची एक मान्य पद्धत आहे. मेलबॉक्स भरला होता, या सबबीवर विसंबून राहणे धोक्याचे.

जागा नेमकी कशाने भरते? १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झाले तेव्हा १ जीबी जागा अफाट वाटली होती. आज विनामूल्य खात्याला १५ जीबी मिळतात. पण ही जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत सामाईक आहे. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेली छायाचित्रेही या हिशेबात धरली जाऊ लागली आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्याच कोठारात जातो. म्हणून पेढीचे खाते घरच्या फोनला जोडलेले असेल, तर लग्नाचे व्हिडिओ आणि पहाटे येणारी शुभेच्छांची चित्रे मिळून पर्चेस ऑर्डरची वाट अडवतात. व्यवसायाचे खाते आणि कुटुंबाचे खाते वेगळे करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी दुकानाचा गल्ला आणि घरखर्च कधी एकत्र केला नाही. येथे मात्र आपण सहज करून बसतो.

मेलमधील भार मुख्यतः जोडलेल्या फाइलींचा असतो. मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. १८ एमबीचे ड्रॉइंग जवळजवळ २४ एमबी जागा घेते. तेच पत्र पुढे चार जणांना स्वतंत्रपणे पाठवले, तर पाठवलेल्या पत्रांत त्याच्या आणखी चार प्रती साठतात. जीमेलच्या शोधपेटीच्या टोकाला असलेल्या चिन्हावर टिचकी दिली की आकारानुसार शोधता येते. १० एमबीहून मोठी पत्रे आधी पाहावीत. शेकडो बारीक जाहिराती पुसण्यापेक्षा तेथे पुष्कळ अधिक जागा सुटते. पुसलेले पत्र कचरापेटीत ३० दिवस राहते आणि तोवर जागाही अडवते. म्हणून ती पेटी स्वतः रिकामी करावी. मात्र फोनवरून पुसलेले पत्र सामान्यतः दुकानाच्या संगणकावरूनही जाते, हे घरातील तरुणांना सांगून ठेवावे.

पुसण्यापूर्वी कायद्याची मुदत पाहणे अगत्याचे. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. अपील वा चौकशी चालू असेल, तर त्याहून अधिक. खाजगी मर्यादित कंपनी असेल, तर हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षांच्या. केवळ छापील प्रतही पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून दर व्यवहारातील भाव, बदल आणि स्वीकृतीची पत्रे मूळ स्वरूपात उतरवून घ्यावीत. गूगल टेकआउटने संपूर्ण खाते एकत्र उतरवता येते. त्याची एक प्रत दुकानात आणि एक घरी, वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी; ती उघडते की नाही हे पाहूनच मूळ पत्रांना हात लावावा.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचा पूर्ण त्याग नाही, परिमाण आहे. किती ठेवायचे ते आधी ठरवायचे असते. मेलबॉक्सला परिमाण घालताना मला ज्ञानपंचमी आठवते. कार्तिक शुद्ध पंचमीला ग्रंथभांडारे उघडून पोथ्या झाडल्या-पुसल्या जातात, पाहिल्या जातात आणि पुन्हा बांधून ठेवल्या जातात. व्यापाऱ्यांची लाभपंचमी त्याच दिवशी येते. वर्षातून एकदा मेलचे दप्तर तपासायला याहून सोयीचा दिवस मला सुचत नाही, कारण दिवाळीच्या सुटीनंतर बाजार पुरता उघडलेला नसतो आणि घरातील मंडळी हाताशी असतात.

जागा विकत घेणे गैर नाही. मोठी ड्रॉइंगे रोज हाताळणाऱ्या कारखान्याने ती घ्यावीच. फक्त शुल्काची तारीख एका जबाबदार व्यक्तीकडे असावी. आणि त्याच बैठकीत जीएसटी पोर्टलवर नोंदलेला ई-मेल पत्ता उघडून पाहावा. अनेक पेढ्यांत तो अजूनही पूर्वीच्या कर सल्लागाराचाच निघतो.