स्वराजद्वीपवर खोली घेताना आधी ओहोटी बघा

अंदमानातल्या हॅवलॉकवर, म्हणजे 2018पासूनच्या स्वराजद्वीपवर, खोली शोधताना नजर ‘समुद्रासमोर’ या शब्दावर थांबते. पण समुद्र कोणत्या बाजूचा?

जेट्टीजवळचे गोविंदनगर, विजयनगर हे किनारे पूर्वेकडचे. बरीच हॉटेलं इथेच. पहाट अप्रतिम! पण ओहोटीला पाणी दूरवर सरकतं आणि खडक, प्रवाळ उघडे पडतात; अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर फारच. पोहायला भरतीची वेळ गाठावी लागते. कोकणातल्या माणसाला तिथी आणि भरती-ओहोटीचं हे गणित ओळखीचं; बाकीच्यांनीही बुकिंगआधी मुक्कामाच्या दिवसांची तिथी बघावी.

पश्चिमेचं राधानगर मऊ वाळूचं, सूर्यास्ताचं. जेट्टीपासून मात्र सुमारे 12 किलोमीटर, आणि मुक्कामाच्या जागा मोजक्याच.

पूर्वेची खोली पसंत पडली, तर मालकाकडून ओहोटीच्या वेळचा फोटो जरूर मागवावा.