घराभोवतालच्या माश्या : कोणती सोडावी, कोणती हलवावी



तोडणी सुरू झाली की पाचट पेटते, धुऱ्यावरची झुडपे निघतात आणि माश्या उठतात. घरी वसरीच्या आढ्याला, कोठ्याच्या वाश्याला गांधीलमाशीचे पोळे दिसते. माणूस घाबरतो आणि हाती लागेल ते करतो. घात होतो तो बहुधा या घाईनेच. म्हणून आधी माशी ओळखावी, मग उपाय करावा.

माशी कोणती?

कुंभारीण भिंतीला मातीचे घर करते. ती एकटी असते, सहसा डसत नाही. तिला राहू द्यावे. काळा भुंगा बांबूला, लाकडाला भोक पाडतो. त्यातला नर तर डसूच शकत नाही.

गांधीलमाशी लाकडाचा भुसा चघळून कागदासारखे पोळे बांधते. काही जाती वळचणीला टांगतात, तर मोठ्या जाती भिंतीच्या पोकळीत व जमिनीच्या बिळात राहतात. हिची नांगी गुळगुळीत असते, म्हणून ती एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते.

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. डसली की नांगी कातडीत अडकते व माशी मरते. फुलोरी झुडपात लहान पोळे लावते, सातेरी अंधाऱ्या पोकळीत. खरी धास्ती आग्या मोहोळाची. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, कड्याला एकच मोठे उघडे पोळे आणि त्यावर हजारो माश्या. एक डसली की त्या जागी असा वास सुटतो की बाकीच्या तिथेच धावतात.

मग सगळ्या माराव्यात का?

नाही. गांधीलमाशी पिकावरच्या अळ्या उचलून पिलांना चारते. आपण उसाच्या खोडकिड्यासाठी लावतो त्या ट्रायकोकार्डातला ट्रायकोग्रामा म्हणजे याच कुळातली अगदी बारीक माशी. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात. सूर्यफूल आणि कांद्याचे बी यांचे पीक मधमाशीवर उभे असते. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर तर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. जिथे वावर नाही, वर्दळ नाही, तिथले पोळे तसेच ठेवावे. आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्वतःच जागा सोडून जातात.

हलवायचेच असेल तर

१. वळचणीचे पोळे नवे, रुपयाएवढे असेल व त्यावर एकच माशी असेल, तर पहाटे अंगभर कपडे घालून लांब काठीने पाडावे. मोठे झाले की हात लावू नये.
२. भिंतीतले बीळ माश्या आत असताना बुजवू नये. त्या दुसरी वाट काढून घरात शिरतात. बीळ रिकामे झाल्यावरच लिंपावे.
३. आग्या मोहोळाला दगड, टेंभा, फटाका काही लावू नये. जाणत्या माणसाला किंवा वनखात्याला कळवावे.
४. पिकावरचे औषध घरात फवारू नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. तेच विष स्वयंपाकघराच्या वर मारायचे काय?
५. तोडणीआधी व पाचट पेटवण्याआधी धुरा आणि झाडे पाहून घ्यावीत. मोहोळ असेल तर टोळीच्या मुकादमाला सांगावे. बैल त्या झाडाखाली बांधू नयेत. दावणीचे जनावर पळू शकत नाही, जागीच मरते.

माश्या उठल्या तर

हात झटकू नका, जमिनीवर लोळू नका. तोंड-डोळे झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत शिरा. विहिरीत उडी घेऊ नका; माश्या वर घिरट्या घालतात आणि माणूस बुडतो.

मधमाशीची नांगी दिसली की ताबडतोब काढा. नखाने खरवडा की ओढा, उशीर मात्र नको, कारण विषाची पिशवी नंतरही विष सोडत राहते. जागा साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवा. चुना, लोखंड घासणे, मंत्र यात वेळ दवडू नये.

श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर एकच डंख असला तरी जीव धोक्यात आहे असे समजा. अशा वेळी अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शनच कामी येते. लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. पुष्कळ डंख असतील, विशेषतः लहान पोराला वा म्हाताऱ्याला, तर बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. मागाहून लघवी लालसर-काळी झाली तर मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण आहे.

घरातल्या पोरासोरांना आणि तोडणीच्या टोळीला हे वाचून दाखवावे, ही विनंती.