सांबरा विमानतळ आणि समुद्रावरील युद्ध

बेळगावच्या पूर्वेस सांबरा गावालगत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जी धावपट्टी तयार झाली, ती समुद्रसपाटीपासून सुमारे 758 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी असलेल्या पठारावर असल्यामुळे आरमारी युद्धाशी तिचा संबंध काय, अशी शंका बेळगाव-निपाणीकडील वाचकास येणे स्वाभाविक आहे; तथापि दोन बलाढ्य राष्ट्रांत उद्या जुंपलीच, तर सागरावरील वर्चस्वाचा निकाल विमानवाहू जहाजे लावतील की किनाऱ्यामागच्या अशा अचल धावपट्ट्या, या वादातला एक बोलका दाखला याच मुलखाने 1961 साली पाहिला आहे.

त्या वर्षी पोर्तुगीजांकडून गोवा मुक्त करण्याच्या मोहिमेत, 18 डिसेंबरला, पुण्याहून निघालेल्या 12 भारतीय कॅनबेरा विमानांनी गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, आणि सांबऱ्याहून उडालेल्या 6 हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी संदेशकेंद्र निकामी केले. सांबरा ते बांबोळी हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आतले, म्हणजे जेट विमानास सात-आठ मिनिटांचे. मौज अशी की, एवढा भडिमार झालेल्या दाबोळीच्या पट्टीची त्याच रात्री घाईने थोडीबहुत डागडुजी करून पोर्तुगीजांनी दोन प्रवासी विमाने अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसह कराचीकडे उडवली. पुढे 1 मे 1982 रोजी फॉकलंड बेटांवरील स्टॅन्ली येथे ब्रिटिश व्हल्कन विमानाने 21 बाँब टाकले, त्यांपैकी एकच धावपट्टीवर पडला, आणि अर्जेंटिनाची मालवाहू विमाने शरणागतीच्या आदल्या दिवसापर्यंत तेथे रात्री उतरतच राहिली. धावपट्टी म्हणजे अखेर जमीनच. खड्डा पडला तर खडी-मुरूम घालून तो बुजवता येतो, आणि ती कायमची बंद ठेवायची तर शत्रूस पुनःपुन्हा यावे लागते. पठारावरील पट्टीची अडचण निराळी आहे: सांबऱ्याच्या उंचीवर हवा समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे 7 टक्के विरळ असल्याने, विशेषतः उन्हाळ्यात, भरल्या विमानास अधिक लांब धाव घ्यावी लागते.

विमानवाहू जहाजाचे सारे उलट. धावपट्टीचा ठावठिकाणा नकाशावर कायमचा नोंदलेला असतो; पण तासाला 55 किलोमीटर वेगाने जाणारे जहाज एकदा नजरेआड झाले, की तासाभराने ते सुमारे 9,500 चौरस किलोमीटरांत कोठेही असू शकते, आणि तीन तासांनी हे क्षेत्र नऊपट होते. मात्र बुडालेले जहाज मुरमाने भरून निघत नाही! शिवाय पृथ्वीची वक्रता त्याच्या मुळावर येते. रडारचे किरण जवळजवळ सरळ जात असल्याने 25 मीटर उंच डोलकाठीवरील रडारला, लाटांवरून पाचच मीटर उंचीने येणारे क्षेपणास्त्र फार तर 30 किलोमीटरांवर दिसते. ध्वनीहून किंचित कमी वेगाचे क्षेपणास्त्र हे अंतर शंभर सेकंदांत तोडते, ब्राह्मोससारखे ध्वनीहून कितीतरी वेगवान क्षेपणास्त्र साधारण अर्ध्या मिनिटात. नऊ किलोमीटर उंचीवरील विमानाच्या रडारची दृष्टी मात्र चारशे किलोमीटरांपर्यंत पोहोचते. तेव्हा जहाजाचे लपणे आणि त्याचे सावध होणे, दोन्ही आकाश कोणाच्या ताब्यात आहे यावर अवलंबून आहे.

यावरून विमानवाहू जहाजे निरुपयोगी ठरवण्याची जी घाई काही पंडित करतात, ती मला मान्य नाही. 1971 च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, भारताच्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरील सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझार आणि चितगाव गाठले, ते बंगालच्या उपसागरात धावपट्टी सोबत नेता आली म्हणूनच. परंतु स्वतःच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात, जेथे पठारावरील विमान सहज पोहोचते, तेथे जमिनीचे पारडे जड आहे. कारवारचा ‘कदंब’ हा आरमारी तळ सांबऱ्यापासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर आहे, आणि त्या तळावरील खर्चाचा हिशेब मांडताना पठारावरील धावपट्ट्या, इंधनाचे साठे आणि निपाणीवरून येणाऱ्या हमरस्त्याने पोहोचणारी रसद यांची तजवीज सरकारने त्याच खतावणीत मांडली पाहिजे.