बाळाबरोबर वाढणारा स्वेटर

वन्संच्या बाळाच्या बारशाला मी हौसेने स्वेटर विणला. पाठ, पुढच्या दोन बाजू, दोन बाह्या असे पाच तुकडे विणून जोडले. सर्वांनी वाहवा केली. पण स्वेटर अंगात घातला, की बाळ आकांत करी! वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका हं, पण काखेत वळ उठतात." जाड शिवण कोवळ्या अंगाला टोचत होती. स्वेटर पेटीत गेला आणि मी खट्टू झाले.

मावशीने तो उलटून पाहिला. "अगं, गळ्यापासून खाली विणत ये. शिवणच लागणार नाही!"

सहा महिन्यांच्या बाळासाठी ही तिची रीत. १० सें.मी.त २२ टाके बसतील अशी मऊ लोकर व ८ नंबरच्या सुया घ्या. ७० टाके घालून ६ ओळी सुलट विणा. मग १४, १०, २२, १०, १४ असे भाग पाडून मध्ये चार रंगीत दोरे अडकवा. पुढची बाजू, बाही, पाठ, बाही, पुढची बाजू असा हा क्रम. आता दर सुलट ओळीत प्रत्येक दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवा. उलट ओळीत वाढवू नका. कडेचे ५-५ टाके नेहमी सुलट, ती बटणपट्टी. एका पट्टीत काजे ठेवा.

या तिरप्या बाहीला रॅगलन म्हणतात. वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) हात गमावलेला सेनानी पुढे लॉर्ड रॅगलन झाला. त्याचे हे नाव. कार्डिगन हे नावही क्रिमियाच्या युद्धातल्या लॉर्ड कार्डिगनचे. दोन लढवय्ये, आणि नांदतात बाळाच्या अंगावर!

१४ वेळा वाढवले की १८२ टाके होतील. प्रत्येक बाहीचे ३८ टाके दोऱ्यात ओवून ठेवा. त्या जागी काखेसाठी ४ नवे टाके घाला. उरलेल्या ११४ टाक्यांवर १४ सें.मी. विणा, ६ ओळी सुलट घाला व टाके बंद करा.

बाहीचे ३८ व काखेतून उचललेले ४ टाके दोन्हीकडे टोके असलेल्या चार सुयांवर गोल विणा. दर सहाव्या फेरीला काखेखाली २ टाके कमी करा, असे ५ वेळा. १५ सें.मी. झाल्यावर एक सुलट, एक उलट अशा ८ फेऱ्या घालून टाके सैलसर बंद करा.

दुसऱ्या हिवाळ्यात बाळाची मनगटे बाहेर डोकावू लागली. वन्सं नवा स्वेटर घेऊन आल्या, या वेळी हसत! बंद केलेली कड उसवली, मोकळे टाके सुईवर घेतले आणि चार बोटे लांबी वाढवून दिली. घेर मात्र वाढत नाही. तो आधीच थोडा ढिला ठेवावा.

म्हणून भगिनींनो, लोकर आणताना त्याच रंगाचा एक गुंडा जास्त आणा आणि जपून ठेवा. बाळ वाढणारच आहे!