वाडग्यात शिजणारे जेवण

समजा सुटीत तुम्ही अमेरिकेत काकांकडे गेला आहात. काका कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात राहतात. एका संध्याकाळी काकू म्हणतात, "आज स्वयंपाकाला सुट्टी. कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी खाणावळीत जाऊ."

खाणावळ साधीच असते. टेबलावर काड्यांचा डबा, मिरचीची चटणी आणि तपकिरी, पातळ रसाची एक बाटली ठेवलेली असते. थोड्या वेळाने काकांपुढे एक भला मोठा वाडगा येतो. त्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर वाफाळते सूप आणि त्या सुपावर गोमांसाचे पातळ, लालसर, चक्क कच्चे काप! तुम्ही दचकता. काका मात्र काडीने ते काप सुपात बुडवतात आणि पाहता पाहता त्यांचा लाल रंग जाऊन ते करडे होतात. स्वयंपाकघरात अर्धवट राहिलेला स्वयंपाक टेबलावर पुरा झाला!

या पदार्थाचे नाव 'फो'. खरा उच्चार 'फ' आणि 'फा' यांच्या मधला असून शेवटी आवाज प्रश्न विचारल्यासारखा वर जातो. एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होण्याच्या सुमारास उत्तर व्हिएतनाममध्ये, हानोई आणि नाम दिन्ह या भागांत तो रूढ झाला. पण आपल्यापुढे प्रश्न वेगळाच आहे. ते कच्चे काप सुपात खरोखर शिजतात का? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, कारण मांस नीट तापले नाही तर खाणारा आजारी पडू शकतो. चला, गणित मांडून पाहू.

उष्णतेचा जमाखर्च

वाडग्यात ५०० ग्रॅम सूप आहे आणि त्याचे तापमान ९५ अंश सेल्सिअस आहे असे धरू. शेवया १५० ग्रॅम, तापमान ३० अंश. मांस ५० ग्रॅम, नुकतेच शीतकपाटातून काढलेले, म्हणून १० अंश. चिनी मातीचा वाडगा साधारण ५०० ग्रॅमचा, २५ अंशांवर. चिनी मातीची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश असते. म्हणजे हा वाडगा १०० ग्रॅम पाण्याइतकी उष्णता खातो. शेवया आणि मांस यांची विशिष्ट उष्णता पाण्याहून थोडी कमी असते, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून ती पाण्याइतकीच मानू.

आता बेरीज करा. ४७,५०० अधिक ४,५०० अधिक ५०० अधिक २,५००, एकूण ५५,०००. याला ८०० ने भागले की येते जवळजवळ ६९. म्हणजे ९५ अंशांचे सूप बघता बघता ६९ अंशांवर उतरले. शिवाय हवेत जाणारी उष्णता आपण धरलेलीच नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने गोमांसाच्या अखंड तुकड्यांसाठी सांगितलेली मर्यादा अशी: आतील तापमान किमान ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा. आपले ६९ अंश या मर्यादेच्या किती जवळ आले पाहा! सूप थोडे कमी गरम असले किंवा गिऱ्हाईक गप्पांत रमले, की काठावरचे गणित फसलेच.

म्हणून जाणता आचारी दोन गोष्टी करतो. वाढण्यापूर्वी तो शेवया उकळत्या पाण्यात बुडवून काढतो, आणि वाडगाही गरम करून घेतो. शेवया ८५ अंशांवर आणि वाडगा ७० अंशांवर धरून तीच बेरीज पुन्हा करा. उत्तर जवळजवळ ८५ येईल. सूप तेच, मांस तेच, पण तापमानात १६ अंशांचा फरक पडला. हानोईच्या पदपथावर बसून फो विकणाऱ्या बाईने पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडलेले नसेलही, पण हा जमाखर्च तिच्या हातात मुरलेला असतो.

सुपावर तरंगणाऱ्या चरबीचेही एक काम आहे. पाण्याची वाफ होताना ती सुपातून पुष्कळ उष्णता घेऊन जाते. चरबीचा पातळ थर या वाफेला अडवतो आणि सूप सावकाश निवते.

पातळ कापण्याचे रहस्य

सूप गरम असले तरी उष्णता मांसाच्या आतपर्यंत पोचायला हवी. त्यासाठी लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ मिलिमीटर जाडीचा काप काही सेकंदांत मध्यापर्यंत तापतो. जाडी चौपट, म्हणजे ८ मिलिमीटर केली, तर वेळ चौपट नव्हे, सोळापट लागतो. तोपर्यंत सूप निवायला लागलेले असते. मांस कागदासारखे पातळ कापतात ते यासाठी. कापाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे असतो. तापल्यावर या प्रथिनाची रचना बिघडते आणि रंग करडा होतो.

कोंबडी किंवा डुकराचे मांस मात्र असे कच्चे वाढत नाहीत, आधी पूर्ण शिजवूनच घेतात. सोबतच्या ताटलीत आलेले मुगाचे कच्चे मोडही सूप कढत असतानाच त्यात टाकलेले बरे, कारण मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते.

चव कोठून येते?

हे सूप करायला अनेक तास लागतात. हाडे आधी एकदा उकळून ते पाणी फेकून देतात. त्याबरोबर साकळलेल्या प्रथिनांचा फेस निघून जातो. मग नव्या पाण्यात ती मंद आचेवर ठेवतात. हाडांना चिकटलेल्या कूर्चेत आणि स्नायुबंधांत कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन असते. त्याचे तीन धागे वेणीसारखे एकमेकांत पिळलेले असतात. दीर्घकाळच्या उष्णतेने ही वेणी सुटते आणि जिलेटीन तयार होते. सुपाला दाटपणा येतो तो त्यामुळे. आच मोठी ठेवली तर चरबीचे बारीक थेंब पाण्यात मिसळून सूप गढूळ होते. स्वच्छ सूप ही आचाऱ्याच्या धीराची खूण समजावी.

सुपाचा वास तुम्हाला ओळखीचा वाटेल. आपल्या गोड्या मसाल्यातले चक्रफूल, म्हणजेच बाद्यान, यात असते. दालचिनी आणि लवंगही असते. चक्रफूल आणि बडीशेप या वनस्पतींचे कूळ वेगवेगळे, पण दोहोंच्या सुगंधात ॲनेथॉल हेच द्रव्य प्रमुख आहे. ॲनेथॉल पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत चांगले विरघळते. तरंगणाऱ्या चरबीचा हा दुसरा उपयोग!

आता ती तपकिरी रसाची बाटली. हा 'न्वोक माम', म्हणजे माशांचा खारवलेला रस. आपल्या मांदेलीच्या कुळातले लहान मासे तीन भाग आणि मीठ एक भाग या प्रमाणात पिंपात भरून सुमारे वर्षभर ठेवतात. व्हिएतनामच्या फु क्वोक बेटावर यासाठी मोठाली लाकडी पिंपे वापरतात. एवढ्या मिठात मासे सडवणारे जंतू वाढू शकत नाहीत. माशांच्या आतड्यांतील एंझाइमे मात्र आपले काम चालू ठेवतात आणि प्रथिने तोडून त्यांची ॲमिनो आम्ले बनवतात. त्यांतील एक म्हणजे ग्लुटामिक आम्ल. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशैवालापासून ते वेगळे केले आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिले.

शाकाहारी वाचकांनी येथे सावध व्हावे. वरून भाजीचा दिसणाऱ्या पदार्थातही हा रस असू शकतो. व्हिएतनामी भाषेत शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात. तिकडचे पुष्कळ बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय जेवतात. तेव्हा खाणावळीत 'चाय' मागा, चहा येणार नाही! शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगावे, कारण अनेक व्हिएतनामी पदार्थांवर दाण्याचा भरडा पेरतात.

शेवयांचा प्रवास, माणसांचा प्रवास

तांदळात गव्हासारखे ग्लुटेन नसते. मग त्याच्या शेवया तुटत कशा नाहीत? तांदूळ वाटून केलेले पीठ वाफवले की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यातून ॲमिलोजचे लांब रेणू बाहेर पडतात. निवताना हे रेणू एकमेकांत गुंतून जाळे बनते. कोकणातले शिरवाळे याच गुणावर टिकतात.

ही खाणावळ सॅन होजेत आली कशी? १९५४ साली व्हिएतनामची फाळणी झाली. उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फो त्यांच्याबरोबर गेला. तिथे त्यात मोड, सुगंधी पाला आणि गोडसर चटणी यांची भर पडली. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि युद्ध संपले. त्यानंतरच्या वीस वर्षांत सुमारे आठ लाख लोक होड्यांतून इतर देशांच्या किनाऱ्यांना लागले. कितीतरी जण वाटेत बुडाले. आज एकट्या सॅन होजेत व्हिएतनामी वंशाचे एक लाखाहून अधिक लोक राहतात. घरदार मागे टाकून आलेल्या अनेक कुटुंबांना परक्या गावात याच वाडग्याने पोट भरायचे साधन दिले. तो वाडगा ऊन-ऊन आणि निर्धोक वाढता येणे, ही त्यांच्या उपजीविकेची गोष्ट होती.

करून पाहा

दोन सारखे वाडगे घ्या. एक गरम पाण्याने विसळून तापवा, दुसरा तसाच ठेवा. मोठ्या माणसाच्या मदतीने दोन्हींत सारखेच कढत पाणी ओता आणि दर मिनिटाला प्रयोगशाळेतील तापमापकाने तापमान नोंदवा. नंतर दोन्ही वाडगे सारखेच तापवून एकात पाण्यावर चमचाभर तेल सोडा आणि पुन्हा नोंदी घ्या. आलेख काढा. कोणत्या वाडग्यात कच्चा काप टाकायला तुम्ही धजाल, ते आलेखच सांगेल.