पाच कोटी बेवारस नोंदी

२००७ साली जपानच्या आरोग्य, श्रम आणि कल्याण मंत्रालयाची अब्रू चव्हाट्यावर आली. पेन्शनच्या तब्बल ५ कोटी ९ लाख नोंदी कुणाच्या आहेत, हेच सरकारला सांगता येईना. हप्ते भरलेले, पैसे जमा, फक्त माणूस सापडत नाही! देशाची लोकसंख्या तेव्हा होती पावणेतेरा कोटी.

एक नोंद मिनिटभरात तपासायची म्हटली, तरी रोज आठ तास आणि वर्षाला अडीचशे दिवस राबणाऱ्या एका कारकुनाला सव्वाचारशे वर्षं लागतील. शिवरायांच्या जन्माच्या वर्षी तो कामाला बसला असता, तर अजून उठला नसता.

मूळ दुखणं जुनं. नोकरी बदलली, कारखाना सोडून स्वतःचं दुकान काढलं, की पेन्शनचा नवा क्रमांक पडायचा. (आपल्याकडेही २०१४ मध्ये यूएएन येईपर्यंत पीएफचं हेच होतं.) १९९७च्या जानेवारीत जपानने प्रत्येकाला एकच कायमचा क्रमांक दिला, तेव्हा जुने क्रमांक भरले सुमारे ३० कोटी! ते ज्याचे त्याला जोडताना जे जुळले नाहीत, ते तसेच पडून राहिले.

त्यात नावांनी गंमत केली. कागदी खतावण्यांत नावं चित्रलिपीत होती. संगणकात मात्र ती उच्चाराप्रमाणे चढवली. एकाच लेखनाचा उच्चार युको होतो आणि हिरोकोही. समोर बाई नाही, विचारायचं कुणाला? कारकुनाने जो उच्चार धरला, तो कायम झाला. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांची तर दुहेरी पंचाईत.

हा निव्वळ दप्तरी घोळ नव्हता. त्या काळी पेन्शनसाठी किमान २५ वर्षांची वर्गणी लागे. जुन्या नोकरीची दोन वर्षं हरवली आणि हिशेब २३ वर भरला, की हाती शून्य. आणि पुरावा आणायचा कुणी? ज्याने चाळीस वर्षांपूर्वी पैसे भरले, त्यानेच. मला आकड्यांपेक्षा हा उफराटा न्याय जास्त थक्क करतो.

मग मंत्रालयाने उलट्या टोकाने सुरुवात केली. २००७च्या डिसेंबरपासून सुमारे १० कोटी ९० लाख लोकांना पत्रं गेली: ही तुमची नोंद, काही सुटलंय का पाहा. २०११च्या जनगणनेतला महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा. म्हणजे जवळजवळ आपल्या अख्ख्या राज्यात माणशी एक पत्र. सापडलेल्या थकबाकीला पाच वर्षांची मुदत आड येऊ नये म्हणून खास कायदाही झाला. पत्रं निघण्याआधीच, २००७च्या जुलैतल्या निवडणुकीत, सत्ताधाऱ्यांनी वरिष्ठ सभागृहातलं बहुमत गमावलं होतं. हा गोंधळ घालणारं सामाजिक विमा खातं २००९च्या अखेरीस मोडीत निघालं.

तीन कोटींहून जास्त नोंदींचा छडा लागला. दीड कोटीहून जास्त अजून बेवारसच आहेत.